अकरा मिलिमीटर

रेघोट्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एका जागी टकटक केलं.

"ही बघ पायरी. चढायची नाही, उतरायची."

रेघोट्या म्हणजे आमच्या ऑफिसातला आलेख काढणारा. दिवसभर रेघा ओढतो म्हणून हे नाव, आणि तोही त्याला ओ देतो. गेले दोन महिने तो एका मातीच्या धरणाच्या अठ्ठावीस वर्षांच्या वह्या संगणकात भरत होता. धरणाची उंची दोन मीटरनं वाढवायची होती, आणि बांधाला तेवढा भार सोसेल का, याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच. ते पायथ्याच्या हौदात येतं, कडेच्या खाचेतून बाहेर पडतं, आणि हौदातली पातळी रोज सकाळी मोजून वहीत लिहितात. बांधाची नाडीच म्हणा. ती नाडी दहा वर्षं एका चालीनं चालली होती आणि मग एका सकाळी एकदम खाली आली. पुढची अठरा वर्षं खालीच. तलाव भरतो, ओसरतो, त्या चढउतारात वहीत ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. रेघोट्यानं तलावाचा चढउतार वजा केला तेव्हा पायरी उघडी पडली.

"झिरपणं असं एका दिवसात कमी झालं," तो म्हणाला, "म्हणजे बांधाच्या पोटातली निचऱ्याची वाट बुजली. पाणी आत कोंडलंय. उंची वाढवायची राहिली बाजूला, तलाव रिकामा करून पायथा उकरावा लागणार."

"कधीपासून?"

"ऑगस्टच्या नऊ तारखेपासून." आणि त्यानं साल सांगितलं.

मी पडद्याकडे बघत राहिले. त्या साली ऑगस्टच्या आठ तारखेला सकाळचा आकडा सांगून मी पायऱ्या चढून आले होते, केस विंचरले होते, आणि पत्र्याची ट्रंक घेऊन कॉलेजच्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये बसले होते. नऊ तारखेला आकडा सांगायला मी तिथं नव्हते.

त्या वह्या ज्यांच्या हातच्या होत्या, ते माझे बाबा.

बाबांची त्या धरणावर बदली झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. पायथ्याशी आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. दाराबाहेर पडलं की बावीस पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी तो हौद. हौदात एक तरंगता डबा, डब्याला उभी सळई, सळईला पितळी काटा, आणि काट्यामागे भिंतीला ठोकलेली मोजपट्टी. पाणी चढलं की डबा चढे, डबा चढला की काटा चढे. काटा दाखवील तो आकडा वहीत. काम एवढंसंच, पण त्याला रविवार नव्हता.

शेवटच्या पायरीवर उकिडवं बसलं की काटा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा. बाबा शेवटून दुसऱ्या पायरीवर वही धरून उभे. थरथरता काटा वाचायचा नाही, हा त्यांचा नियम. मग तो थांबेपर्यंत आम्ही त्याला गाणं म्हणायचो. अर्धं त्यांनी जोडलेलं, अर्धं मी.

काट्या काट्या, हलू नको,
पाण्याला तू भुलू नको,
जागा तुझी सांग खरी,
मग जाऊ दोघं घरी.

गाणं संपेपर्यंत काटा निवायचा. मी आकडा ओरडायची, बाबा तो परत म्हणून लिहायचे, आणि हौदाच्या भिंती तिसऱ्यांदा म्हणायच्या. आजूबाजूच्या बायका मला आकडेबाई म्हणत. "आकडेबाई, आमच्या पातेल्यात दूध किती उरलं तेवढं सांगून जा गं," असं दारातून कुणीतरी ओरडायचं, आणि मी खरंच वाकून बघून सांगायची.

वाचन नेमलेल्या माणसानंच घ्यायचं, असा नियम आहे. मला तेव्हा तो ठाऊक नव्हता. बाबांना होता.

दुसऱ्या दिवशी मी अहवालाचा मसुदा कात्रीबाईंपुढे ठेवला. त्या आमच्या विभागप्रमुख. त्यांच्या हातात लाल पेन्सिल असते, पण तिनं कापलेलं वाक्य पुन्हा उठत नाही, म्हणून कात्रीबाई.

"'निचरा बुजला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'" पोरानं सांगितलेली सबब आईनं परत म्हणून दाखवावी तसं त्यांनी ते वाचलं. "बुजला की नाही?"

"नक्की सांगता येत नाही, बाई."

"मग तसं लिही. तुझ्या या एका वाक्यावर ते तलाव रिकामा करतील. खालची दोन गावं वर्षभर टँकरची वाट बघतील. उकरल्यावर आत काही निघालं नाही, तर सगळे म्हणतील, आम्ही काय करणार, अहवालात होतं." पेन्सिल खाली सरकली. "आणि हे काय, 'वाचन घेण्यात आले.' कुणी घेतलं? भुतानं?"

मी ते वाक्य खोडायला पेन काढलं.

"तुमच्या अहवालांत माणसंच नसतात गं. सगळं आपलं आपोआप होतं. कुणी वाचलं, कुठून वाचलं, कशावर वाचलं, जाऊन बघ. तू तिकडचीच ना?"

"हो," मी म्हटलं. वाचणारा माझा बाप आहे, हे काही तोंडातून निघालं नाही.

बसमध्ये खिडकीशी बसले तेव्हा मला सगळं कळून चुकलं होतं. काटा आणि पट्टी यांच्यात बोटभर अंतर आहे. समोरून बघितलं तर काटा खऱ्या आकड्यावर दिसतो. उभं राहून बघितलं तर नजर तिरपी उतरते आणि काटा खालच्या आकड्यावर पडलेला दिसतो. पाणी तेवढंच, आकडा कमी. म्हणजे बांध धडधाकट होता, कमी झाली होती ती नुसती नजरेची उंची. पण हे लिहायचं तर दोन गोष्टी लिहाव्या लागणार. बाबांनी दहा वर्षं पोरीकडून वाचून घेतलं, आणि नंतरची अठरा वर्षं चुकीचं वाचलं. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. खरं लिहावं तर बापाचं नाव जातं, गुळमुळीत लिहावं तर बांध उकरला जातो. बस वळणं घेत होती आणि मी दोन्ही वाक्यं आळीपाळीनं मनात लिहून खोडत होते.

आईनं दार उघडलं आणि आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"एकच पिशवी. म्हणजे उद्या परत."

"परवा."

"परवा! अहो, ऐकलंत का? मुक्कामाला आल्यात पाहुण्या. नवी चादर काढा." मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "ऑफिसचं काम असणार. कामाशिवाय तुझी बस या बाजूला वळते कुठं."

मी हसले. वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवस. अठरा वर्षांचे बहात्तर दिवस होतात. आकडेबाईनं हा हिशोब यापूर्वी कधी केला नव्हता.

बाबा म्हणाले, "वह्या बघायला आलीस ना? ये." फळीवर त्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीला जाड कागदाचं वेष्टण, पाठीवर साल. "एक रकाना रिकामा सापडला तर सांग. ताप होता तेव्हासुद्धा उतरलो मी."

"तापात तोल गेला असता तर डब्याच्या जागी हेच तरंगले असते," आई आतून म्हणाली.

सकाळी सहाला आम्ही दोघं उतरलो. बाबा पुढं, एक हात कठड्यावर, उजवा गुडघा ताठ. शेवटून दुसऱ्या पायरीवर ते आपोआप थांबले. तिथं दोन तळव्यांएवढी जागा गुळगुळीत झाली होती. मी त्यांना वळसा घालून खाली गेले आणि शेवटच्या पायरीवर बसले. दगड तसाच थंड होता. मीच काय ती मावत नव्हते.

"तुम्ही वाचा," मी म्हटलं.

त्यांनी काट्याकडे बघितलं आणि थोडे थांबले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. चार ओळी म्हणायला लागतो तेवढाच वेळ गेला. मग म्हणाले, "दोनशे चौदा."

माझ्या डोळ्यांसमोर काटा दोनशे पंचविसावर होता.

मी डबा बोटानं दाबून सोडला. काटा नाचला, थांबला. "परत."

"दोनशे चौदा."

"इथून दोनशे पंचवीस आहे, बाबा."

तिसऱ्यांदाही तसंच. मग मी काट्यामागं माझी करंगळी घालून दाखवली, ती अलगद मावली. बाबांना समजावून सांगायची गरज पडली नाही. मिस्त्री, गवंडी, वेल्डर यांच्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. करंगळी दिसली आणि त्यांना कळलं.

"म्हणजे अठरा वर्षं मी खोटं लिहिलं."

"खोटं नाही. वरून लिहिलं."

"वहीत कुठं लिहिलंय, वरून म्हणून?"

पाणी खाचेतून बारीक धारेनं पडत राहिलं. ते काट्याकडे बघत म्हणाले, "काटा सरकला होता असं लिही की. पितळेला लाज नसते."

"कुणी सरकवला, विचारतील."

"भूकंप झाला म्हण."

"बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि वहीत त्या दिवसाचा रकाना तसाच रिकामा ठेवून पायऱ्या चढायला लागले.

दुपारी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "काय सांगितलंस त्यांना? मघापासून वह्या पुसताहेत. धूळ तर नाही एकीवरही, मग पुसताहेत काय ते कोण जाणे."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, ओला हात पदराला पुसला आणि फक्त म्हणाली, "मग आता लेकीच्या हातात आहे बापाची वही."

संध्याकाळी दिवा लागल्यावर मी नवा मसुदा घेऊन बाबांसमोर बसले. आधीच्या मसुद्यावर कात्रीबाईंनी काय विचारलं, तेही त्यांना सांगितलं. त्यांच्याबद्दलचं वाक्य त्यांच्या पाठीमागे लिहून पाठवायचं, हे माझ्याच्यानं होईना. मी वाचायला लागले. "'निरीक्षकाच्या गुडघेदुखीमुळे वाचन उभ्याने घेणे अपरिहार्य झाले...'"

"थांब. अपरिहार्य म्हणजे?"

"दुसरा इलाजच नव्हता."

"गुडघा माझा कधी धरला?"

"तुझ्या मावशीच्या जिन्यावरून पडले ना हे," आई आतून म्हणाली. "तुला नोकरी लागली त्या साली."

मी बोटांवर मोजलं. पाच वर्षं. माझ्या जाण्यानंतर पाच वर्षं बाबांचे दोन्ही गुडघे शाबूत होते. ते आरामात खाली बसू शकत होते.

"मग आधीची पाच वर्षं बसून का नाही वाचलंत?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पहिल्या दिवशी माझ्या जागी उभा राहिलो. गाणं म्हटलं. काटा थांबला. आता कुणीच आकडा सांगेना." ते जरा हसले. "मग तिथूनच वाचला नि आलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, खाली उतरावं, बसावं. पाय उचलेना. म्हटलं, त्या जागेवर मी बसलो तर तू गेलीस असं होईल. राहू दे रिकामी. चार दिवसांनी सुट्टीला येईलच. मग पडली सवय."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. "मला म्हणाले होते," आई दारात येऊन म्हणाली, "खालची पायरी निसरडी झालीय, म्हणून उतरत नाही."



"हे तुझ्या अहवालात बसायचं नाही," बाबा म्हणाले.

"नाही बसत."

"मग नको लिहू. पण गुडघाही नको लिहूस. त्या बिचाऱ्यावर कशाला आळ." त्यांनी मसुदा माझ्या हातातून घेतला आणि 'अपरिहार्य'वर अंगठा ठेवला, जणू झाकून टाकायचं होतं. "पोरीकडून वाचून घेतलं, ते लिही. उभ्यानं वाचलं, ते लिही. कुणी वाचलं म्हणून विचारणारी ती तुझी बाई शहाणी दिसते. एवढंच सांग, वह्या टाकून देतील का?"

"नाही, बाबा. तुम्ही एक दिवस इथून, एक दिवस तिथून वाचलं असतं तर टाकाव्या लागल्या असत्या. तुम्ही रोज त्याच जागी उभे होतात. प्रत्येक आकडा अकरानंच कमी आहे. अकरा मिळवले की झालं."

"साडेसहा हजार सकाळी," ते म्हणाले. "सगळ्यांत अकरा."

रात्रीचं जेवण त्यांनी नीट केलं. मी कात्रीबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, वाचणारे माझे वडील आहेत हेसुद्धा.

"हे पहिल्या पानावर लिही," त्या म्हणाल्या. "आणि तीन वाचनांवर अठरा वर्षं दुरुस्त करायला निघालीस? तीस पाहिजेत. तीस सकाळी, दोन माणसं, एकाच वेळी, एक उभा आणि एक बसलेला. रोज तिसऱ्याची सही. मी माणूस पाठवू, का तू थांबतेस?"

"थांबते," मी म्हटलं.

आई नवी चादर परत पेटीत ठेवणार होती, ती तिनं तशीच राहू दिली.

त्या तीस सकाळींबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. अहवालात त्यांचा एक तक्ता आहे. सहाला उतरायचं, बाबा वरून आकडा कागदावर लिहिणार, मी खालून लिहिणार, मग दोन्ही कागद धरणाच्या झडपा चालवणाऱ्या मिस्त्रीच्या हातात द्यायचे. तो जांभया देत वजाबाकी करून सही करायचा. "अकरा," तो म्हणायचा. "काल अकरा, आज अकरा. तुम्हा बापलेकींचं भांडण तरी होतं का कधी?" तलाव त्या महिन्यात हातभर उतरला, काटाही उतरला. फरक एकदाही बारा झाला नाही, एकदाही दहा झाला नाही.

गाणं आम्ही मोठ्यानं म्हणायला लागलो ते तिसऱ्या की चौथ्या दिवशी. मिस्त्रीला सांगितलं, काटा थांबायला एवढा वेळ लागतो, तो मोजायला गाणं आहे. खरंच होतं ते.

तिसाव्या सकाळी सही झाल्यावर बाबा म्हणाले, "एकतीस नको का? महिना एकतीसचाही असतो."

"तीस सांगितलेत, बाबा."

"हो ना," ते म्हणाले. "सांगितलेत तेवढेच."

ऑफिसात परत येऊन मी अहवाल लिहिला. त्या परिच्छेदाला मला चार दिवस लागले, आणि शेवटी तो असा झाला:

"पहिली दहा वर्षे वाचन निरीक्षकाच्या मुलीने काट्यासमोर बसून घेतले. ती मुलगी म्हणजे या अहवालाची लेखिका. पुढील अठरा वर्षे निरीक्षकाने स्वतः, शेवटून दुसऱ्या पायरीवर उभे राहून वाचन घेतले. उभ्याने घेतलेले वाचन अकरा मिलिमीटर कमी भरते. निरीक्षक रोज एकाच जागी उभे राहिल्याने हा फरक बदलत नाही. या अठरा वर्षांच्या प्रत्येक आकड्यात अकरा मिळवावेत. तसे केल्यावर आलेखात पायरी उरत नाही. निचरा बुजलेला नाही. पायथा उकरू नये. यापुढे वाचन बसूनच घ्यावे."

कात्रीबाईंची लाल पेन्सिल पहिल्या ओळीपासून कोरडीच चालली. 'उभे राहून'पाशी ती थांबली आणि समासात एक शब्द उमटला: का?

"ते अहवालात बसत नाही, बाई," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खण उघडून काहीतरी शोधायला लागल्या. कात्रीबाईंकडे रबर असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

समितीनं अहवाल मान्य केला. बाबांना एक पत्र आलं. नियम मोडल्याबद्दल समज देण्यात येत आहे, आणि नोंदींतील सातत्याची दखल घेण्यात येत आहे. कोण देत आहे आणि कोण घेत आहे, ते त्यात नव्हतं. आईनं ते वह्यांच्या फळीवर, शेवटच्या वहीशेजारी उभं करून ठेवलं.

मंजूर अहवालाची प्रत पोस्टानंही गेली असती. मी ती घेऊन गेले. हातात एकच पिशवी, आईनं या वेळी काही म्हटलं नाही.

सकाळी बाबा पुढं उतरले. त्यांच्या पायरीवर ते थांबले नाहीत. खाली मिस्त्रीनं लाकडाचं एक बुटकं स्टूल ठेवलं होतं. कठड्याला धरून, ताठ गुडघा बाजूला पसरून, ते त्यावर हळूहळू बसले. बसताना एकदा मागं वळून माझ्याकडे बघितलं, मी आहे ना म्हणून.

मी त्यांच्या जागी उभी होते, त्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेल्या दगडावर, हातात वही. तिथून पाणी बरंच खाली दिसतं. पाण्याशी एक पांढरं डोकं होतं आणि त्याच्या बाजूला थरथरणारा काटा.

बाबांनी गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीला आवाज थोडा खाली गेला. काटा थांबला.

"दोनशे अठरा," ते ओरडले, मी दोन हातांवर असताना.

"दोनशे अठरा," मी म्हटलं, आणि भिंतींनीही म्हटलं.

मला वरून दोनशे सात दिसत होतं. मी दोनशे अठरा लिहिलं आणि वही मिटली. बस दुपारची होती. बावीस पायऱ्या आम्ही दोघं फार सावकाश चढलो.